पेनकिलरचं पाकीट लहान करा!

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर उभं राहून "डोकं दुखतंय, कुणाकडे गोळी आहे का?" असं नुसतं विचारा. दोन मिनिटांत तीन ब्रँड हजर! एकीच्या पाऊचमधून मेफ्टाल स्पास, दुसऱ्याच्या सॅकच्या चोरकप्प्यातून कॉम्बिफ्लॅम आणि तिसऱ्याकडून डोलोची अर्धी कापलेली स्ट्रिप. वर सल्लाही फुकट, "डोलो घे रे, एकदम सेफ असते." मोबाइलचा चार्जर मागावा इतक्या सहजपणे आपण पेनकिलर मागतो आणि तितक्याच सहजपणे देतोही.

यात नवल काही नाही. सबमिशन उद्या आहे, मॅनेजरचा कॉल नऊला आहे, पाळी नेमकी आजच आलीय, लोकलमध्ये तासभर उभं राहून कंबर गेलीय. दुखणं थांबायला हवं आणि आत्ताच थांबायला हवं. गोळी ते काम करते. म्हणून 'पेनकिलरच्या विक्रीवर निर्बंध हवेत' असं कुणी म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे आता डोकेदुखीसाठीही पाचशे रुपये मोजून डॉक्टर गाठायचा का?" प्रश्न अगदी रास्त आहे. माझं उत्तर आहे, अजिबात नाही. तरीही निर्बंध हवेत. एका वेळी किती गोळ्या मिळाव्यात आणि त्यांच्यासोबत कोणती माहिती मिळावी, यावर ते हवेत.

कागदावर कडक, काउंटरवर मोकळं

आधी आपला कायदा काय म्हणतो ते बघू. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 1945 चे नियम यांत 'ओव्हर द काउंटर' अशी औषधांची वेगळी व्याख्या केलेली नाही. 'ओटीसी' हे आपलं बोलण्यातलं नाव. नियमांत आहेत ती शेड्यूल्स. त्यातल्या शेड्यूल 'एच'मधलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आणि या 'एच'मध्ये कोण कोण बसलंय? डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड. म्हणजे पाठ धरली की आपण सर्रास घेतो त्या गोळ्या आणि पाळीच्या दिवसांत घेतो ती मेफ्टाल, या कायद्याने चिठ्ठीवर मिळायच्या गोळ्या आहेत. स्ट्रिपवर लाल उभी रेष दिसली, तर ती डिझाइन म्हणून छापलेली नसते. 'चिठ्ठीशिवाय विकू नका' असं ती सांगत असते.

दुसऱ्या टोकाला आहे पॅरासिटामॉल. शेड्यूल 'के'मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे. त्यातली अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या, बाम, ग्राइप वॉटर अशी औषधं एक हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात परवान्याशिवायही विकता येतात. हेतू चांगलाच आहे. जिथे मेडिकल नाही तिथे तापाची गोळी निदान किराणा दुकानात तरी मिळावी.

शहरातल्या मेडिकलवर मात्र ही दोन्ही टोकं एक होऊन जातात. "काका, कंबरदुखीवर काहीतरी द्या ना," म्हटलं की समोरून एकच प्रश्न येतो, "किती देऊ?" किती दिवसांपासून दुखतंय, अ‍ॅसिडिटीचा त्रास आहे का, आज आधी काही घेतलंय का, यातलं काही कुणी विचारत नाही. खरं तर 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलंय. पण अनेक दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं असतं आणि काउंटरवर माणूस दुसराच असतो. अ‍ॅपवर तर माणूसही नाही. तिथे आकड्याशेजारी अधिकचं चिन्ह असतं, ते दाबत राहायचं.

याला निर्बंध म्हणत नाहीत. नियम इतका कडक, की कुणीच पाळत नाही. आणि तो कुणीच पाळत नाही म्हणून खरंच धोक्याची गोळी कोणती आणि साधी कोणती, हा फरकही आपल्याला कळेनासा झालाय.

'सेफ' म्हणजे किती?

पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेतली तर खरोखरच सुरक्षित आहे. निरोगी प्रौढासाठी 24 तासांतली कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ किंवा 650 च्या सहा गोळ्या, त्याही अंतर ठेवून. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा नियमित दारू होत असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. आता गंमत बघा. सकाळी अंग कसकसलं म्हणून डोलो घेतली. दुपारी नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी. संध्याकाळी अंगदुखीवर कॉम्बिफ्लॅम आणि रात्री डोकं ठणकतंय म्हणून सॅरिडॉन. नावं चार झाली, पण या चारही गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतंच. आपण ब्रँड मोजतो, यकृत मात्र मिलिग्रॅम मोजतं.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. प्रमाणाबाहेर पॅरासिटामॉल पोटात गेलं तर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, पण यकृताचं नुकसान आत सुरू झालेलं असतं. त्यामुळे चुकून किंवा कशानेही जास्त गोळ्या गेल्या असतील तर 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत तो सर्वांत चांगलं काम करतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुसऱ्या गटाचं गणित वेगळं आहे. या गोळ्या शरीरातली ज्या रसायनांची निर्मिती रोखतात, तीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा नीट ठेवायला मदत करतात. म्हणून उपाशीपोटी, रोजच्या रोज, महिनोन् महिने या गोळ्या घेतल्या की अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. मॅरेथॉनच्या आधी किंवा जिमच्या लेग डेला 'आधीच एक घेऊन ठेवतो' म्हणणारे असतात. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ही गोळी टाकणं म्हणजे मूत्रपिंडाला दोन्हीकडून पकडणं. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा निघाला तर हीच गोळी आणि अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकतात. म्हणूनच डेंग्यूची शंका असताना डॉक्टर पॅरासिटामॉलवर थांबायला सांगतात.

रोज लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांसाठी तर एक वेगळाच सापळा आहे. महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस साध्या पेनकिलर किंवा 10 किंवा त्याहून जास्त दिवस कॉम्बिनेशनच्या गोळ्या, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. डॉक्टरांच्या भाषेत या डोकेदुखीला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावरचा उपाय म्हणजे ती गोळी थांबवणं. गोळी संपली की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी, असं ते चक्र असतं.

30 नोव्हेंबर 2023 ला भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला, तेव्हा ग्रुपवर दोन दिवस खळबळ होती. या औषधाची 'ड्रेस' नावाची तीव्र अ‍ॅलर्जी काहींमध्ये दिसू शकते, अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना त्रास, असं आयोगाचं म्हणणं होतं. हा त्रास दुर्मीळ आहे. घाबरून जावं असं त्यात काही नव्हतं, लक्ष ठेवावं असं होतं. आपण दोन दिवस घाबरलो आणि तिसऱ्या दिवशी सगळं विसरलो. माहिती स्ट्रिपवर नसेल आणि फक्त फॉरवर्डमध्ये असेल, तर याहून वेगळं काय होणार?

ब्रिटनने काय केलं?

सप्टेंबर 1998 मध्ये ब्रिटनने एक साधा नियम केला. फार्मासिस्ट असलेल्या दुकानात पॅरासिटामॉलच्या पाकिटात जास्तीत जास्त 32 गोळ्या, बाकीच्या दुकानांत 16. चिठ्ठीची सक्ती केली नाही, बंदी घातली नाही. पाकीट लहान केलं, एवढंच. तिथे पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू हा मोठा प्रश्न होता. ऑक्सफर्डचे प्राध्यापक कीथ हॉटन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'बीएमजे'त मांडलेला हिशेब असा, की नियमानंतरच्या 11 वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधले असे मृत्यू अपेक्षेपेक्षा 43 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे अंदाजे 765 माणसं वाचली.

"पण माणूस दोन दुकानांत जाऊन दोन पाकिटं घेईलच ना?" हा आक्षेप तिथेही घेतला गेला होता. त्याचं उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. जीव नकोसा होण्याचा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या क्षणी हाताला येतं ते घरात आधीपासून पडलेलं असतं. घरात कमी असेल आणि आणखी आणायला उठून जावं लागणार असेल, तर त्या वेळात एखादा फोन येतो, कुणी दार वाजवतं, मन वळतं. लहान पाकीट हा वेळ मिळवून देतं. (तुम्ही स्वतः किंवा तुमचं कुणी अशा क्षणातून जात असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 24 तास उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येतं.)

नंतर इतरांनीही हीच वाट धरली. डेन्मार्कने 2011 मध्ये 18 वर्षांखालच्यांना अशा गोळ्या विकणं थांबवलं आणि 2013 मध्ये पाकिटं लहान केली. ऑस्ट्रेलियात 1 फेब्रुवारी 2025 पासून सुपरमार्केटमधलं पॅरासिटामॉलचं पाकीट 20 वरून 16 गोळ्यांवर आलं.

भारतातलं चित्र वेगळं आहे, हे मान्य. आपल्याकडे विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंत कीटकनाशकांचा प्रश्न फार मोठा आहे. पेनकिलरचं आपल्याकडचं नुकसान जास्त करून हळूहळू, नकळत होणारं आहे. म्हणून ब्रिटनचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे. सरकारला तो माहीत नाही असंही नाही, कारण एकदा आपण तो वापरलाय. तोही पेनकिलरसाठीच.

गिधाडांसाठी जमलं

नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी ही घट नोंदवली. तीन जातींची संख्या 95 टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं 2004 मध्ये, डायक्लोफिनॅक. दुखण्यावर हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी पळवाट होतीच. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या मिळत होत्या, त्यातून जनावरांना टोचलं जायचं. मग जुलै 2015 मध्ये केंद्राने ठरवलं, की माणसांसाठीचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन फक्त 3 मिलिलिटरच्या, एका डोसच्या पॅकमध्येच येईल. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला.

माणसाला डायक्लोफिनॅक मिळणं यामुळे बंद झालं नाही. ज्याला गरज आहे त्याला आजही ते इंजेक्शन मिळतं. पॅक लहान केला आणि गैरवापर अवघड झाला. ज्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं गेली, तेच औषध गोळीच्या रूपात आपण आठवड्याला स्ट्रिपने संपवतो. गिधाडांसाठी सुचलेली अक्कल आपल्या मूत्रपिंडांसाठी का सुचू नये?

पण कुलूप नको

निर्बंध म्हटलं की सरकारी यंत्रणेला पटकन कुलूप सुचतं आणि कुलपाची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिनभोवती इतके परवाने आणि इतकी भीती उभी राहिली, की कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना वेदनाशामक मिळेनासं झालं. तो कायदा सुधारून मॉर्फिन मिळवणं सोपं करायला 2014 साल उजाडलं. 2018 मध्ये ट्रॅमाडॉल याच कायद्याखाली आलं. त्याची नशेसाठी विक्री होत होती, त्यामुळे कारण खरं होतं. तरी खऱ्या रुग्णांचं काय, ही डॉक्टरांची काळजीही खोटी नव्हती.

आपल्या राज्याचा अनुभवही बोलका आहे. 2012 च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना चिठ्ठी, बिल आणि दुकानात फार्मासिस्ट हजर असण्याची कडक तपासणी सुरू झाली. केमिस्ट संघटनांनी बंद पुकारले. नियम तेव्हाही नवे नव्हते, ते पाळायला लावणं नवं होतं. अधिकारी बदलला की जे सैल पडतं, त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईचा विचार करा. फडातून एक दिवस सुट्टी घेतली की खाडा लागतो, उचलीतून पैसे कापले जातात. कंबर मोडली तरी कोयता थांबत नाही. तिच्यासाठी दोन रुपयांची गोळी हीच सिक लीव्ह आहे. उद्या प्रत्येक पेनकिलरला चिठ्ठीची सक्ती झाली, तर तिचं काम थांबणार नाही, फक्त दुखणं वाढेल. गावातली एखादी मुलगी पाळीच्या दुखण्यावर गोळी मागायला आधीच चोरून, गर्दी नसताना मेडिकलवर जाते. तिच्यापुढे चिठ्ठीची भिंत उभी करायची का? दुखणं सहन करणं हे बाईचं कामच आहे असं मानणाऱ्या घरांत तर ती भिंत आणखी उंच होईल.

मग हवं काय?

पहिली मागणी, पाच दिवसांचं पाकीट. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मे 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक मसुदा काढला होता. 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल धरून 16 औषधं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी द्यावी, पण पाच दिवसांहून जास्त पुरेल एवढं पाकीट नसावं आणि तेवढ्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जावं, असं त्यात होतं. कल्पना सरळ आणि शहाणी आहे. मर्यादा काउंटरवर दिसायला हवी आणि अ‍ॅपच्या अधिकच्या चिन्हालाही लागू व्हायला हवी.

दुसरी, मधला वर्ग. ऑस्ट्रेलियात 'फक्त फार्मासिस्टकडून' असा औषधांचा एक वर्ग आहे. चिठ्ठी लागत नाही, पण फार्मासिस्टशी बोलल्याशिवाय औषध हातात पडत नाही. पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांना आपल्याकडे असाच वर्ग हवा. आज त्या कागदावर चिठ्ठीच्या आहेत आणि प्रत्यक्षात चॉकलेटसारख्या मिळतात. फार्मासिस्टने दोन प्रश्न विचारावेत, आज आधी काय घेतलंय आणि पोटाचा किंवा किडनीचा त्रास आहे का. दोन प्रश्नांना अर्धा मिनिट लागतो.

तिसरी, कापली तरी बोलणारी स्ट्रिप. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने चार गोळ्या कापून देतो. ज्याच्याकडे पूर्ण स्ट्रिपचे पैसे नाहीत त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे, ती राहायलाच हवी. पण कात्रीसोबत औषधाचं नाव किंवा एक्सपायरी निघून जाते. प्रत्येक गोळीमागे औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख छापली तर हा प्रश्न मिटतो. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 आघाडीच्या ब्रँड्सवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झालाय. त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा, परवाना क्रमांक असतो. बनावट औषध ओळखायला तो उपयोगी आहे. पण त्याच क्यूआरमध्ये 'दिवसाला किती, कुणी घेऊ नये, कशासोबत घेऊ नये' हे मराठीत का असू नये? स्कॅन करायला आपण एका पायावर तयार आहोत. चहाचे दहा रुपयेही आपण स्कॅन करूनच देतो.

यातल्या कुठल्याही मागणीने कुणाची गोळी हिरावली जात नाही. डोकं दुखणाऱ्याला आज रात्री गोळी मिळेल, पाळीच्या पहिल्या दिवशी मुलीला मिळेल, फडातल्या बाईलाही मिळेल. पन्नास गोळ्या एका क्लिकवर मात्र मिळणार नाहीत आणि जी मिळेल ती काय आहे हे घेणाऱ्याला वाचता येईल.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. गोळी घेण्याआधी स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचायचं आणि मित्राला गोळी देण्याआधी विचारायचं, "आज आधी काय घेतलंयस?" काउंटरवर जो प्रश्न विचारला जात नाही, तो निदान आपण एकमेकांना विचारू या.